लाल रक्तपेशीत केंद्रक नसते, मग ती आदिकेंद्रकी का नाही?

चोपडा तालुक्यातील विज्ञानशिक्षक

सर्वांना नमस्कार. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात सिकलसेलच्या तपासणीसाठी आमच्याकडे पथक आले होते आणि मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेताना पथकातील ताईंनी सहज सांगितले की लाल रक्तपेशीत केंद्रक नसते. दुसऱ्याच दिवशी मी फळ्यावर आदिकेंद्रकी (जिवाणूंसारख्या) आणि दृश्यकेंद्रकी (प्राणी, वनस्पती, बुरशी यांच्या) पेशींचा तक्ता मांडला आणि नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीत 'केंद्रक : नाही, आहे' असे लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, मग आपल्या रक्तात जिवाणूंच्या जातीच्या पेशी फिरतात का?"

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही, कारण तिने माझा तक्ता जसा लिहिला होता तसाच वाचला होता. 'तो अपवाद आहे' असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन वाचले, तर प्रौढ लाल रक्तपेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका नसतात, अंतर्द्रव्यजालिका (पेशीतील पटलांचे जाळे) नसते, प्रथिने बनवणारे रायबोसोमही उरत नाहीत. म्हणजे तक्त्यातील एकेक ओळ लावत गेलो, तर ती पेशी जवळजवळ प्रत्येक ओळीत आदिकेंद्रकीच्या रकान्यात जाऊन बसते. तरीही ती आदिकेंद्रकी नाही, एवढे मला कळते; पण का नाही, हे त्या मुलीला पटेल अशा शब्दांत सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जळगावहून, सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका

सर, त्या मुलीचे माझ्यातर्फे कौतुक करा. चूक तिची नाही, तक्त्याच्या पहिल्या ओळीची आहे. 'केंद्रक नाही' या दोन शब्दांत आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक म्हणजे ज्या पेशीच्या वंशात केंद्रक कधी आलेच नाही, आणि दुसरी म्हणजे जिच्याकडे केंद्रक होते पण तिने ते काम संपल्यावर टाकून दिले. ज्याने घर कधी बांधलेच नाही आणि ज्याने बांधलेले घर विकून टाकले, ते दोघेही आज भाड्याने राहत असले, तरी त्यांचा सातबारा एकसारखा निघणार नाही.

लाल रक्तपेशीचा सातबारा अस्थिमज्जेत पाहायला मिळतो. तेथे तिच्या पूर्वज पेशीत चांगले ठसठशीत केंद्रक असते, त्यात ४६ गुणसूत्रे असतात, आणि हिमोग्लोबिन बनवण्याचा आदेश त्याच केंद्रकातून सुटतो. हिमोग्लोबिन पुरेसे साठत आले की केंद्रक आक्रसते, पेशीच्या एका कडेला सरकते आणि थोड्याशा पेशीद्रव्यासह बाहेर ढकलले जाते. शेजारी टपून बसलेली भक्षक पेशी ते गिळून टाकते. रक्तात नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या लाल पेशीत रायबोसोमचे अवशेष एखाद-दोन दिवस दिसतात, मग तेही नाहीसे होतात. पुढे ही पेशी सुमारे १२० दिवस जगते. या काळात तिला नवे प्रथिन बनवता येत नाही, स्वतःची डागडुजी करता येत नाही आणि विभाजन तर मुळीच करता येत नाही. याउलट जिवाणू हा केंद्रकाविना संपूर्ण जीव आहे. त्याच्याकडे डीएनए आहे, तो वाचणारी यंत्रणा आहे, आणि अनुकूल परिस्थितीत इश्चेरिशिया कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. तेव्हा मुलीला एवढेच विचारा, की लाल रक्तपेशीपासून दुसरी लाल रक्तपेशी जन्माला येते का?

तुमच्या शाळेतल्या तपासणीनेच याचा पुरावाही दिला आहे. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराचा दोष आहे आणि तो आईवडिलांकडून येतो. लाल पेशीच्या वंशात केंद्रक नसतेच, तर हा दोष तिच्यापर्यंत पोहोचला असता कोठून?

आणखी एक सोपा प्रयोग आहे. गावात कोंबडी कापली जाते तेथून रक्ताचा एक थेंब आणून काचपट्टीवर पातळ पसरा, वाळवा आणि रंगवून पाहा. कोंबडीच्या लाल पेशी लांबट असतात आणि प्रत्येकीच्या मध्यभागी केंद्रक दिसते. पक्षी, बेडूक, मासे या सर्वांच्या लाल पेशींत ते असते. ते टाकून देण्याची रीत सस्तन प्राण्यांची आहे. वनस्पतींतही असे उदाहरण आहे. रसवाहिनीतील चाळणीनलिकेची पेशी प्रौढ होताना आपले केंद्रक गमावते आणि शेजारच्या सहपेशीच्या आधाराने जिवंत राहते. तुमच्या भागातल्या केळीच्या प्रत्येक पानात अशा पेशी आहेत आणि त्यांना कोणी जिवाणू म्हणत नाही.

आता तक्त्याची पहिली ओळ कशी लिहावी? माझ्या मते केंद्रक 'आहे की नाही' यापेक्षा 'डीएनए वाचण्याचे काम कोठे चालते' हे विचारणे अधिक बरे. जिवाणूत डीएनए पेशीद्रव्यातच, केंद्रकाभ नावाच्या भागात गुंडाळलेला असतो आणि त्याच्याभोवती पटल, म्हणजे पातळ पडदा, नसते. त्यामुळे एका टोकाला डीएनएवरून संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, लिहिला जात असतानाच त्याच्या दुसऱ्या टोकावर रायबोसोम चढून प्रथिन बनवू लागतात. पत्र लिहून पूर्ण व्हायच्या आत ते वाचले जाते म्हणा ना. दृश्यकेंद्रकी पेशीत केंद्रकाच्या पटलामुळे ही दोन कामे वेगळ्या खोल्यांत होतात. आरएनए आधी केंद्रकात लिहिला जातो, त्यातील नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडले जातात, आणि मगच तो केंद्रकछिद्रातून बाहेर पडून रायबोसोमपर्यंत पोहोचतो. या मधल्या थांब्यावर पेशीला निवड करता येते: एकाच जनुकाचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून निरनिराळी प्रथिने बनवता येतात. केंद्रक नसलेल्या आणि असलेल्या पेशींतील सर्वांत मोठा फरक कोणता असे मला कोणी विचारले, तर मी या थांब्याकडे बोट दाखवीन. परीक्षेत मात्र मुलांनी तक्ताच लिहावा, गुण त्यालाच मिळतात.

रावेरचा केळी उत्पादक

ताई, मी विज्ञानाचा माणूस नाही. बारावीनंतर शेतीत आलो. तरीही तुमचे उत्तर दोनदा वाचले, कारण माझ्या एका जुन्या नुकसानीचा या विषयाशी संबंध असावा असे वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या केळीवर करपा आला. पानांवर आधी पिवळसर बारीक रेघा, मग तपकिरी लांबट ठिपके, ठिपक्यांचा मधला भाग राखेसारखा आणि कडेला पिवळी झालर, असे सगळे नेहमीचे लक्षण होते. ज्या दुकानातून मी औषधे घेत असे, तेथे मला प्रतिजैविकाची भुकटी दिली गेली. ती घालून मी दोन फवारण्या केल्या, मजुरी गेली, पंधरा दिवस गेले, आणि करपा वरच्या पानांपर्यंत चढला. शेजारच्या नानांच्या शेतात मात्र केळीची झाडे बुंध्याशी कुजून कोलमडत होती. झाड ओढले की कंद जमिनीतच राही आणि बुंध्याला असा घाण वास येई की नाक धरावे लागे. त्यांना नेमके बुरशीनाशक दिले होते आणि तेही लागू पडले नाही. आम्ही दोघांनी मिळून औषधालाच बनावट ठरवले. आता विचार येतो, की औषधे खरी असून अदलाबदल झाली होती का? आणि तसे असेल, तर औषधाला कसे कळते की समोर बुरशी आहे की जिवाणू?

जळगावहून, सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका

दादा, तुमचे आणि नानांचे वर्णन एकत्र वाचले तर बहुधा अदलाबदलच झाली होती. तुमच्या शेतातला करपा, म्हणजे सिगाटोका, बुरशीमुळे होतो, आणि बुरशी दृश्यकेंद्रकी असते. नानांच्या झाडांची कंदसड, वास आणि कोलमडणे यांवरून, इर्विनिया गटातील जिवाणूची वाटते, आणि जिवाणू आदिकेंद्रकी असतो. डोळ्यांना दोन्ही 'रोग'च दिसतात, पण पेशीच्या पातळीवर तुमची बुरशी त्या जिवाणूपेक्षा तुमच्या स्वतःच्या आणि केळीच्या जवळची आहे.

औषधाला काही कळत नसते. त्याला बसायला जागा हवी असते. रायबोसोमचेच घ्या. हा प्रथिने बनवणारा कण दोन्ही प्रकारच्या पेशींत असतो, पण आदिकेंद्रकींमध्ये तो ७० एस आणि दृश्यकेंद्रकींच्या पेशीद्रव्यात ८० एस असतो. 'एस' म्हणजे स्वेडबर्ग, हे एकक द्रवात वेगाने फिरवल्यावर कण किती लवकर खाली बसतो यावरून ठरते. म्हणूनच ५० एस आणि ३० एस हे दोन भाग एकत्र आले की ८० नव्हे, ७० एस होतात. येथे मुले दरवर्षी अडखळतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही औषधे त्या ३० एस भागावर जाऊन बसतात आणि जिवाणूचे प्रथिन बनवण्याचे काम बिघडवतात. बुरशीच्या पेशीद्रव्यातील रायबोसोमची घडण वेगळी असल्यामुळे तेथे त्यांना नीट जागा मिळत नाही. पेनिसिलिनचेही तसेच आहे: ते जिवाणूच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनची जोडणी रोखते, आणि बुरशीची भित्तिका कायटिन व ग्लुकन यांची असते, म्हणजे तेथे पेनिसिलिनला रोखण्यासारखे काही नाहीच.

आता उलट बाजू पाहा. करप्यावर वापरले जाणारे प्रोपिकोनॅझोल बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉल हा स्निग्ध घटक तयार होऊ देत नाही. जिवाणूंच्या पटलात अर्गोस्टेरॉल नसते. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, आणि पेशी विभागताना गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका त्याच ट्युब्युलिनच्या बनतात. जिवाणूत अशा नलिका नाहीत, समसूत्री विभाजनही नाही. त्याची पेशी लांबते आणि मधोमध आवळली जाऊन दुभंगते. नानांच्या फवारणीला म्हणूनच यश आले नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड मात्र दोघांनाही त्रास देते, कारण तांबे एका विशिष्ट जागेवर बसत नाही, ते अनेक प्रथिनांची मोडतोड करते. कोणते औषध, किती आणि केव्हा, हे मी येथे सांगणार नाही. त्यासाठी रोगट पान आणि बुंध्याचा तुकडा घेऊन कृषी विद्यापीठाच्या केंद्रात जावे.

तुमच्या भागातल्या हरण्या रोगाचाही उल्लेख करायला हवा. पानांवर पिवळे पट्टे आणणारा तो रोग विषाणूमुळे होतो आणि विषाणूला पेशीच नसते. त्यामुळे त्याच्यावर वरीलपैकी एकही औषध चालत नाही. रोगट झाड उपटणे आणि तो पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करणे, एवढेच हाती राहते.

चोपडा तालुक्यातील विज्ञानशिक्षक

ताई, एक उपप्रश्न. बुरशीची पेशी आमच्या पेशीसारखी आणि जिवाणूची वेगळी, तर मग जिवाणूचे जनुक कापसात कसे चालते? आमच्या मुलांच्या घरोघरी बीटी कापूस आहे.

जळगावहून, सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका

सर, जनुकाची लिपी दोघांचीही एकच आहे, म्हणून ते चालते; लिहिण्याची रीत वेगळी आहे, म्हणून ते जसेच्या तसे चालत नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे बोंडअळीला मारणारे प्रथिन बनवणारे जनुक मूळ रूपात वनस्पतीत घातले, तेव्हा प्रथिन फारच थोडे तयार होत असे. वनस्पतीच्या केंद्रकातील यंत्रणेला त्या जनुकाच्या मजकुरात ठिकठिकाणी 'येथे थांबा' अशा खुणा दिसत आणि आरएनए अर्धवट राही. शास्त्रज्ञांनी अर्थ तोच ठेवून मजकूर वनस्पतीच्या वळणाने पुन्हा लिहिला, आणि त्याच्या पुढे वनस्पतीत चालणारा आरंभसंकेत जोडला, जो फ्लॉवरच्या एका विषाणूकडून घेतलेला आहे. भारतात या कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्या प्रत्येक झाडात एका आदिकेंद्रकीचा संदेश दृश्यकेंद्रकीच्या हस्ताक्षरात लिहिलेला आहे.

धुळ्याचा निवृत्त प्राध्यापक

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु दोन ठिकाणी मला टोकावेसे वाटते.

पहिली गोष्ट शब्दांची. 'आदिकेंद्रकी' या शब्दातील 'आदि'मुळे विद्यार्थ्यांना वाटते की या पेशी मागासलेल्या आहेत. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी १९२५ साली हा भेद ज्या ग्रीक शब्दांत मांडला, त्यातील 'कॅरिऑन' म्हणजे फळाच्या कवचाआडचा गर, आणि त्याआधी लागणाऱ्या 'प्रो' या उपसर्गाचा अर्थ 'पूर्वीचा' एवढाच. ही वर्गवारी जीवशास्त्रात खऱ्या अर्थाने रुजली ती स्टॅनियर आणि व्हॅन नील यांच्या १९६२ सालच्या लेखानंतर. जिवाणू आपल्याइतकीच वर्षे उत्क्रांत होत आले आहेत. त्यांनी फक्त लहान आणि चपळ राहण्याची वाट धरली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ताईंनी जिवाणू आणि आदिकेंद्रकी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनए ताडून दाखवले की केंद्रक नसलेल्या जीवांत दोन स्वतंत्र वंश आहेत, जिवाणू आणि आर्किया. आर्किया फक्त उकळत्या झऱ्यांत असतात असे पुष्कळांना वाटते. खानदेशात ज्यांच्या परसात गोबरगॅसचे सयंत्र आहे, त्यांच्या चुलीवरचा मिथेन आर्कियाच बनवतात. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातही तेच काम चालू असते. यांच्यात केंद्रक नाही, रायबोसोम ७० एसच आहेत, पण भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही, म्हणून पेनिसिलिन त्यांचे काही करू शकत नाही. शिवाय त्यांचे डीएनए वाचणारे विकर (एन्झाइम) जिवाणूंपेक्षा आपल्या विकरासारखे आहे. म्हणजे 'आदिकेंद्रकी' हे एका घराण्याचे नाव नव्हे. दोन घराण्यांत जी गोष्ट नाही, तिच्यावरून पडलेले ते नाव आहे.

आकाराबद्दलही सावध राहावे. जिवाणू सहसा १ ते ५ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) आणि आपल्या पेशी १० ते १०० मायक्रोमीटर, हे बहुतेक वेळा खरे आहे आणि त्यामागे हिशेब आहे: पेशीचा व्यास दहापट झाला की पृष्ठभाग शंभरपट वाढतो पण घनफळ हजारपट, म्हणून मोठ्या पेशीला आत पटलांचे जाळे उभारून आणि वाहतुकीची सोय करून तूट भरून काढावी लागते. परंतु कॅरिबियन बेटांवरील खारफुटीत सापडलेला आणि २०२२ साली ज्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तो थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सुमारे एक सेंटिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा आहे, आणि त्याचा डीएनए चक्क पटलाच्या पिशव्यांत ठेवलेला आढळला. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रिओकॉकस नावाचे हिरवे शैवाल जेमतेम ०.८ मायक्रोमीटरचे असून त्यात केंद्रक, एक हरितलवक (प्रकाशाच्या मदतीने अन्न बनवणारा हिरवा घटक) आणि एक तंतुकणिका असा सगळा संसार मावतो.

तंतुकणिकेवरून आठवले, की ती स्वतःच एके काळी स्वतंत्र जिवाणू होती. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हा विचार नेटाने मांडला, तेव्हा अनेकांना तो पटला नाही. आज पुरावा भक्कम आहे: तिला दुहेरी पटल असते, ती दुभंगून वाढते, आणि तिच्याकडे स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ अक्षरजोड्यांचा डीएनए आणि ३७ जनुके आहेत. हरितलवकांचे रायबोसोम आजही ७० एस आहेत, कारण ते नीलहरित जिवाणूंपासून आले, ज्यांना आपण सवयीने नीलहरित शैवाल म्हणतो आणि मुलांना नेमके तेथेच फसवतो. ताईंनी जे सांगितले नाही ते असे, की स्ट्रेप्टोमायसिनची जास्त मात्रा कोवळ्या रोपाचा हिरवेपणा घालवते. औषध मारायला जाते जिवाणूला, आणि पानातल्या त्याच्या जुन्या भावकीलाही गाठते.

जळगावहून, सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका

सर, आर्कियाची चूक मान्य. प्रतिजैविकांविषयी लिहिण्याच्या भरात राहून गेले.

चोपडा तालुक्यातील विज्ञानशिक्षक

सर्वांचे आभार. आज वर्गात जे केले ते कळवतो. कोंबडीचे रक्त मिळाले नाही, म्हणून गालाच्या आतील पेशी पाहायचे ठरवले. त्याच मुलीने दात कोरण्याच्या काडीच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच घासले, ते काचपट्टीवर थेंबभर पाण्यात पसरले, वाळवले, आणि मिथिलिन ब्लूचा एक थेंब टाकून मिनिटभराने धुतले. आमच्या सूक्ष्मदर्शकातून चारशे पटीने मोठे दिसते. सुमारे ६० मायक्रोमीटरची पेशी रुपयाच्या नाण्याएवढी दिसत होती, कडा दुमडलेली, फिकट निळी. मध्ये बाजरीच्या दाण्याएवढे गडद निळे केंद्रक. मुलांना ते अपेक्षितच होते.

पण त्या पेशीच्या अंगावर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असे निळे ठिपके विखुरलेले होते, काही जोडीने, काही लहानशा साखळीत. एका मुलाने ते धूळ समजून काच पुसायला घेतली. मी त्याला थांबवले आणि सांगितले की हे तोंडातले जिवाणू आहेत. एकाच काचेवर दोन्ही रकाने आले आहेत. ती मुलगी बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली होती. मग तिने विचारले की त्या ठिपक्याच्या आत काही दिसत का नाही. मी सांगितले की आमच्या भिंगाची ताकद तेवढी नाही, आणि असती तरी आत वेगळी खोली दिसली नसती.

तक्त्याची पहिली ओळ मी पुसली आहे. तिच्या जागी काय लिहायचे हे वर्गानेच ठरवावे म्हणून फळ्यावर ती जागा सोमवारपर्यंत रिकामी ठेवली आहे.